कूलरनं घेतलेले इंटरव्ह्यू

मी कूलर बोलून राह्यलो. शेलूबाजारले हायवेवर कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत निकिताची कंपनी हाय. फवारनीचं ड्रोन मोबाईलवर बुक करायचं अॅप बनवते. त्या कंपनीत मानसं निवडायचं काम माझं. कोनी मानत नाही, पन माझंच.

पत्र्याचं आंग अन् तीन बाजूनं गवताच्या ताट्या, असा मी वाशिमले वेल्डिंगच्या दुकानात जन्मलो. आधी निकिताच्या घरी आसेगावले होतो. कंपनी निघाली तं तिनं मले जीपच्या टपावर टाकून आनलं. म्हनजे कंपनीत पहिला मीच.

पहिल्याच उन्हाळ्यात धम्मरत्न इंटरव्ह्यूले आला. निकिता काही इचारत होती, तेवढ्यात माझं पानी संपलं. पंप खडखड कराले लागला. पोट्टा उठला, खालून बकेट भरून आनली, माझ्यात ओतली, अन् पुन्हा बसून म्हने, "हां ताई, काय इचारत होत्या?"

"काही नाही. उद्यापासून ये."

मंग तसंच ठरलं. इंटरव्ह्यू असला की मले थोडंसंच भरत. उठला तो पास. सपनानं तं आधी माझं बटन बंद केलं. "पंप जळंल ना ताई," म्हने. तिले टेस्टिंगचं काम भेटलं.

मंग टीम बनवाले पुन्याहून अमरदीप आला. अन् आला कवा, तं डिसेंबरात. मी बंद, आंगावर चादर. त्यानं माझी परीक्षा देल्लीच नाही.

त्यानं भिंतीवर सगळ्याईच्या नावाचे चौकोन काढले, कोन कोनाच्या खाली ते. वायफायले चौकोन होता. मले नव्हता. थंडीतही चादरीखाली माझं आंग जळे.

उन्हाळा लागला तं त्यानं मले नळ जोडला. पानी कमी झालं की आपोआप भरे. मानसं तो आता पेपर घेऊन निवडे. माझी नोकरी गेली. मी फक्त त्याचे कागद उडवत राह्यलो.

मे महिन्यात आठ दिवस नळच आला नाही. वर्षारानीचा इंटरव्ह्यू सुरू होता.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" अमरदीप.

मी खडखडलो. त्यानं निवडलेले चौघं मान खाली घालून टाइप करत राह्यले.

"ते मंग सांगीन सर. बकेट कुठं हाय?"

"आधी प्रश्न संपवू."

"सर, तो कूलर मरून राह्यला." अन् ती खाली हापशीवर गेली.

निकितानं अमरदीपकडं पाह्यलं. "काय म्हनता? घ्यायची का पोरगी?"

 जिन्यात वर्षारानीले दम लागल्याचा आवाज आला तसा अमरदीप उठला, अन् तिच्या हातातली बकेट घेऊन आला. अर्धं पानी बुटावर, अर्धं माझ्यात.

नियम म्हनजे नियम. मले त्याले पास करा लागलं. सहा महिने उशिरा.

वर्षारानीले घेतलं. माझा नळ काढला. मी खूश.

मागच्या हप्त्यात वाशिमच्या एका कॉलेजात अमरदीपचं भाषन झालं. विषय, 'कूलरवरून माणूस ओळखण्याची माझी पद्धत'. पडद्यावर फोटोही दाखवला म्हने. त्यात तो पुरा, मी अर्धा.

तं तुमी इकडं नोकरीले आले अन् मी खडखडलो, तं उठा, बकेट आना. एवढीच इनंती हाय, जिन्यात ती अमरदीपच्या हातात देऊ नका.