एका नंबरावरची माणसं

"एकशे त्र्याहत्तर," राजधानीहून नवा प्रोग्राम घेऊन आलेले जेरे म्हणाले आणि तिलाही संगणकाचा पडदा दिसावा म्हणून त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली. "तुमच्या यादीतला कचरा काढला, बाना काटोंगो. आता एवढीच माणसं उरतात."

बाना काटोंगोने चष्मा कपाळावर चढवला, पुसला, परत नाकावर ठेवला. आकडा तोच राहिला. शनिवारी दुपारी तिने खोलीला कुलूप लावलं तेव्हा यादीत तीनशे बारा माणसं होती. जेरे रविवारी येऊन कामाला लागले होते, आणि आज सोमवार. मधल्या दीड दिवसात एकशे एकोणचाळीस माणसं कुठे गेली, हे तिला कळेना.

"यात कचरा नव्हता," ती म्हणाली.

"तोच नंबर, परत तोच नंबर, परत तोच. याला आमच्याकडे दुबार नोंद म्हणतात. प्रोग्रामने त्या एकत्र केल्या. जुन्या यादीत सगळीकडेच निघतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हटलं की माणूस नेमकं तेच करतो. बांग्वेउलु सरोवराकाठच्या या मिशन इस्पितळात बाना काटोंगोला बावीस वर्षं झाली होती. डोळ्यांच्या विभागाची यादी तिची. आधी निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांत होती, मग संगणकावर आली, आणि ती उतरवतानासुद्धा तिने एक ओळ गाळली नव्हती. वर्षभर ती होडीतून मासेमारीच्या तळांवर हिंडायची, मोतीबिंदू झालेल्यांची नावं लिहून आणायची. फेब्रुवारीत राजधानीहून दोन डॉक्टर शस्त्रक्रियांसाठी पाच दिवस यायचे. फेब्रुवारीतच, कारण तेव्हा मासेमारीला बंदी असते, पाण्यावरची बहुतेक माणसं जमिनीवर, नातेवाइकांकडे असतात. जो या पाच दिवसांत राहून गेला तो आणखी एक वर्ष भिंत चाचपत चालणार.

आजवर तिच्या यादीकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. इस्पितळाची मोटारहोडी पूर्वी तिचा मुलगा काटोंगो चालवायचा. सहा वर्षांपूर्वी वादळात होडी उलटली, त्यानंतर ती तीन आठवडे कामावर आली नाही. त्या तीन आठवड्यांच्या नोंदीही तिने मागाहून एकेका तळावर हिंडून भरून काढल्या होत्या. मुलगा गेला तरी लोक तिला काटोंगोची आईच म्हणायचे. इथे पहिल्या मुलाच्या नावाने बाईला बाना, म्हणजे आई, आणि पुरुषाला बाशी, म्हणजे बाप, अशी हाक मारतात, आणि तिला दुसरं मूल नव्हतं.

दुपारी सिस्टर बिआटा आल्या. विभागाचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि त्या कधी बसून बोलत नसत.

"भिंगांचा ट्रक बुधवारी निघतोय. बुधवारी बारापर्यंत मला आकडा हवा. किती सांगू?"

"तीनशे बारा," बाना काटोंगो म्हणाली.

"एकशे त्र्याहत्तर," जेरे म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, याद्या फुगतात कधीकधी. मदत देणाऱ्यांना मोठा आकडा आवडतो. मी कुणाला दोष देत नाही."

सिस्टरनी बाना काटोंगोकडे पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही, तेच तिला जास्त लागलं. शिवी दिली असती तर तिने परत दिली असती.

"बुधवार, बारा," एवढं बोलून सिस्टर गेल्या.

त्या रागात ती घरी जाऊन जेवलीही नाही, असं मात्र झालं नाही. कसाव्याच्या पिठाची घट्ट न्शिमा आणि सुकी मासळी तिने नेहमीसारखी पोटभर खाल्ली. उपाशीपोटी भांडण नीट होत नाही, हे तिचं जुनं मत होतं.

मंगळवारी सकाळी तिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. दर शुक्रवारी संध्याकाळी ती यादीची प्रत काढून ठेवायची. विजेचा भरवसा नसलेल्या गावात हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"ही शुक्रवारची. परत चढवा."

जेरेंनी चढवली. एकशे त्र्याहत्तर. पुन्हा चढवली. एकशे त्र्याहत्तर.

"बघा," जेरे म्हणाले, "प्रोग्राम खोटं बोलत नाही. तिसऱ्यांदा चढवली तरी तेच."

"मग तिसऱ्यांदा चढवाच. पण या वेळी मला आकड्याकडे बघू द्या, तुम्ही नावांकडे बघा. एकेक ओळ चढवा आणि नाव मोठ्याने वाचा."

"तीनशे बारा नावं?"

"उंदीर खाऊन घसा बसलाय का?"

जेरे हसले. ते पूर्वेकडचे, न्गोनी जमातीचे, आणि ती बेंबा. या दोन जमातींचं चेष्टेचं नातं आहे. एकमेकांच्या खाण्यापिण्यावरून काहीही म्हणावं, मेलेल्याच्या दारातसुद्धा, आणि कुणी रागवायचं नाही. सोमवारपासून दोघांनी हे नातं वापरलं नव्हतं, इतकं वातावरण तापलं होतं. "माकड खाणाऱ्यांनी आम्हाला जेवण शिकवू नये," ते म्हणाले आणि वाचू लागले.

आकडा चढत होता. वीस, तीस, चाळीस. गावातली माणसं, शाळेचा शिपाई, चर्चच्या बायका. एक्कावन्नावर तो थांबला. जेरे वाचत होते, नावामागून नाव येत होतं, आणि आकडा एक्कावन्नावरच बसून होता.

"थांबा. आता कोण वाचलंत?"

"बाना म्वान्सा. कान्सेंगा तळ."

"त्याच्या आधी?"

"बाशी लुपिया. कान्सेंगा तळ. त्याच्या आधीही कान्सेंगाच."

बाना काटोंगोने टेबलावर हात आपटला. मग स्वतःचीच लाज वाटून तो पदराला पुसावा तसा कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेला पुसला. "त्या तळावर फोन एकच आहे. दुकानदाराचा. बाशी चोला नाव त्याचं. सौरपट्टी त्याच्याकडे, म्हणून चार्जिंग त्याच्याकडे. त्या तळावरचा जो तो त्याचाच नंबर सांगतो. बाकीच्या तळांवरही असंच. तुमच्या प्रोग्रामला कुणी सांगितलं, की एक नंबर म्हणजे एक माणूस?"

जेरेंनी सेटिंग उघडलं. तिथे तसंच लिहिलं होतं, आणि लिहिणारे तेच होते. राजधानीत एकेका माणसाच्या खिशात दोन-दोन फोन असतात, तिथे हा नियम कुणाला खटकला नव्हता. पण माणूस आपली चूक लगेच मान्य करील तर तो माणूस कसला.

"ठीक, एक फोन. पण एका फोनवर एकेचाळीस माणसं? आणि त्यांत तीन बाना म्वान्सा? तोच तळ, तोच नंबर, तेच नाव. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

"एकीचा उजवा डोळा, एकीचा डावा, तिसरीचे दोन्ही. शेरा वाचा की. शेरा कशाला लिहिलाय?"

"शेरा तुम्हीच लिहिलाय, बाना काटोंगो."

हे बोलणं सरळ होतं, आणि म्हणूनच बोचलं. तिने फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"बाशी चोला, मी इस्पितळातून. बाना म्वान्साला निरोप द्यायचाय."

"कोणत्या?" पलीकडून माणूस ओरडून बोलत होता. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "जिचा नवरा जाळी विणतो ती? का डावखुरी? का जी बोलायला लागली की तळ सोडून पळावं लागतं ती?"

"तिघींना."

"बोलकी बंदीत भावाकडे गेलीय, म्पुंडूला. डावखुरी इथेच, माझ्या घरामागे. जाळीवाल्याची बायको लुबे गावी आहे, तिच्या जावयाचा नंबर देतो. घेता का लिहून?"

"माझ्याकडे आहे. इथे एक साहेब बसलेत, त्यांना ऐकायचं होतं. त्यांच्या यंत्राला वाटलं की कान्सेंगाची सगळी माणसं म्हणजे तुम्ही एकटेच."

"साहेबांना सांगा, माझं पोट बघितलं तर तसं वाटण्यासारखंच आहे," बाशी चोला म्हणाले. "पण डोळे माझे चांगले आहेत. शस्त्रक्रिया साहेबांचीच करा."

फोन बंद झाल्यावर जेरेंनी सेटिंग पुन्हा उघडलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "सांगा. एका माणसाला एक माणूस कशाने म्हणायचं?"

असा प्रश्न तिला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. नाव, तळ, डोळा, आणि बंदीत कोणाकडे जातो ते. या चारही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच, फोन जुळला म्हणून नाही. फोनसाठी तिने दोन रकाने मागितले, एक पाण्यावरचा आणि एक बंदीतला. जेरे म्हणाले, नियमात एकच रकाना आहे. ती म्हणाली, सरोवराला दोन ऋतू आहेत, नियमाला सांगा. दुसरा रकाना झाला. दुपारी वीज गेली, जनरेटर लावून काम पुढे चाललं, आणि चारच्या सुमाराला पडद्यावर आकडा आला. तीनशे बारा.

जेरे उठून उभे राहिले आणि आदर दाखवायच्या आपल्याकडच्या पद्धतीने दोन्ही हातांनी हळू टाळी वाजवून थोडे वाकले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं ते तिने लपवलं नाही. तिचा शब्द खरा होता, आणि ज्याने तो खोटा ठरवला होता त्याच्याच हाताने तो खरा झाला होता. एवढा अभिमान तिला काटोंगोने पहिल्यांदा एकट्याने होडी धक्क्याला लावली तेव्हा वाटला होता.

"सिस्टरना सांगतो," जेरे म्हणाले.

"उद्या बारापर्यंत वेळ आहे. मी एकदा सगळी वाचते."

बुधवारी सकाळी तिने वाचायला घेतलं. दोनशे सहाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. बानाकुलू कासुबा, म्हणजे कासुबाची आजी. दोन्ही डोळे, वय सत्तर, गाव म्पुंडू. शेऱ्यात लिहिलं होतं, डाव्या हातावर भाजल्याचा डाग. ती मागे गेली. अठ्ठ्याण्णवाव्या ओळीवर बाना चोम्बा. दोन्ही डोळे, वय अडुसष्ट, लुंगा तळ. डाव्या हातावर भाजल्याचा डाग. नाव वेगळं, नंबर वेगळा, गाव वेगळं, आणि बाई एकच. थंडीच्या दिवसांत लुंगा तळावर चोम्बा नावाचा एक कोळी तापाने गेल्याचं तिने ऐकलं होतं. त्याची आई मुलीकडे राहायला गेली असणार, आणि तिथे लोक तिला नातीच्या नावाने ओळखू लागले असणार. सात महिन्यांच्या अंतराने बाना काटोंगोने तिला दोनदा लिहिलं होतं.

तिने फोन करून खात्री केली, आणि मग जेरेंना दोन्ही ओळी दाखवल्या.

जेरेंनी त्या दोनदा वाचल्या. "हे यंत्राला जन्मात सापडलं नसतं. मलाही नाही. तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"मला," ती म्हणाली.

बारा वाजता सिस्टर बिआटा दारात उभ्या राहिल्या. "किती?"

"तीनशे अकरा," बाना काटोंगो म्हणाली. "एक नोंद दुबार होती. माझी चूक."

सिस्टरनी जेरेंकडे पाहिलं. "नक्की?"

"त्या म्हणतात ना," जेरे म्हणाले. "मग नक्की. आणि सिस्टर, परवा मी याद्या फुगण्याबद्दल काही बोललो होतो. ते मी मूर्खपणाने बोललो."

"ते मी तेव्हाच ओळखलं होतं," सिस्टर म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हाच ओळखलं होतं तर बोलल्या का नाहीत, हा प्रश्न बाना काटोंगोने गिळला. मोठ्या माणसांचे असले हिशेब काढत बसलं तर कामं कोण करणार.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. तीनशे अकरांपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव जण आले, आणि उरलेले तेरा का आले नाहीत तेही तिच्याकडे लिहिलेलं होतं. जेरे दोन दिवसांसाठी आले होते, पण शस्त्रक्रिया संपेपर्यंत राहिले. ती नावं पुकारायची, ते टिपायचे.

अठ्ठ्याण्णवाव्या आणि दोनशे सहाव्या ओळीतल्या म्हातारीचं एकच काम अडून राहिलं होतं. दोन ओळी जोडायच्या तर एकच नाव ठेवता येत होतं, आणि बाना काटोंगोने ते परस्पर ठरवायला नकार दिला होता. शुक्रवारी म्हातारीच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली. नात तिला हाताला धरून टेबलाशी घेऊन आली, आणि अर्ध्या वाटेत म्हातारीने तो हात सोडला.

"माय, तुमची दोन नावं आहेत आमच्याकडे," बाना काटोंगो म्हणाली. "बाना चोम्बा आणि बानाकुलू कासुबा. यंत्र एकच ठेवून घेतं. कोणतं ठेवू?"

म्हातारी आपले दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरून बघत होती. डाव्या हातावरच्या डागावर तिने अंगठा फिरवला.

"चोम्बा आता हाक मारत नाही," ती म्हणाली. "ही कासुबा सकाळपासून दहादा मारते. जो हाक मारतो त्याचं ठेव."

बाना काटोंगोने चोम्बाच्या आईची ओळ पुसायला निवडली. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. तिने होय दाबलं, आणि बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. जेरे खिडकीबाहेर बघू लागले.

म्हातारी टेबलावर वाकली आणि तिने बाना काटोंगोचं तोंड अगदी जवळून न्याहाळलं.

"होडीतून यायचीस ती तूच ना? आवाज ओळखला. तोंड आज पहिल्यांदा बघते," ती म्हणाली. "तुला गं कुणाची आई म्हणतात?"

"काटोंगोची," ती म्हणाली, आणि खुर्चीत ताठ बसून तिने पुढचं नाव पुकारलं.