फॉर्ममधली दुसरी ओळ

दुपारी डुलकी लागली की सुंदराबाईंच्या धायरीत बर्फ पडायचा. रोहनने कॅनडातून फोनवर दाखवलेलाच बर्फ, पण पडायचा तो इथल्या विहारावर, पाण्याच्या टँकरवर, पार्किंगमधल्या स्कूटरांवर. मध्ये पूर्वा उभी असायची, नाक लाल, हातात मोजे. "आजी, ये ना," म्हणायची. सुंदराबाई चपला शोधायला लागायच्या आणि त्या सापडायच्या आत शेजारणीचा कुकर शिट्टी मारायचा. त्या बाईच्या कुकरला काळवेळ म्हणून नव्हती.

पूर्वा ही रोहनची मुलगी, पाच वर्षांची. आजीने तिला प्रत्यक्षात दोनदाच पाहिलं होतं. पण यंदा रोहनला तिकडच्या सरकारचं बोलावणं आलं होतं. आईला कायमचं आणायचं असेल तर साठ दिवसांत अर्ज करा. नवरा, कचरू, जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटीने राहायचा सुंदराबाईंना आता मनापासून कंटाळा आला होता. त्यांना जायचं होतं. उगाच आढेवेढे घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

कागद घेऊन बहिणीची मुलगी कल्याणी आली. ती जिल्हा परिषदेत क्लार्क, त्यामुळे कुठल्याही कागदाकडे ती आधी संशयानेच बघायची.

"मावशी, इथं सही कर. इथं. आणि इथं."

सुंदराबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण रकाने कळत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. पाच ओळींचा तक्ता होता. पहिली भरलेली, खालच्या चार कोऱ्या.

"हे काय गं?"

"तुझी मुलं. रोहन लिहिलाय."

"आणि चेतन?"

कल्याणीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "व्हिसाचा एजंट म्हणाला नको. दोघांच्या शाळेच्या दाखल्यावर एकच तारीख आहे. एक जून चौऱ्याऐंशी. तिकडचे विचारणार, जुळे आहेत का? मग जन्माचे दाखले आणा. ते आहेत कुठे? सगळं वर्षभर लटकेल, कदाचित परतही येईल. आणि तसंही..." ती थांबली.

तसंही चेतन नव्हता. एकोणिसाव्या वर्षी डेंग्यूच्या तापाने गेला होता.

जुळे ते नव्हतेच. रोहन दोन वर्षांनी मोठा. कचरू त्याला शाळेत घालायला निघाला तेव्हा धाकटाही मागे लागला. वर्गाच्या दारात त्याने असं काही भोकाड पसरलं की गुरुजी म्हणाले, बसू दे यालाही. मग गुरुजींनी तारीख विचारली. कचरूने डोकं खाजवलं. गुरुजींनी दोघांच्याही नावापुढे एक जून टाकून दिली आणि वर्षही एकच टाकलं. सुंदराबाईंचा स्वतःचा जन्मही कागदावर एक जूनचाच, कचरूचाही तोच. त्या घरात साऱ्यांनी एकाच दिवशी जन्म घ्यायचं ठरवलं होतं जणू.

"ठेव ते कागद," सुंदराबाई म्हणाल्या. "आज सही नाही करणार मी."

कल्याणी गेली. सुंदराबाई आडव्या झाल्या. आज बर्फ पडला नाही. आज ते दुसरं स्वप्न आलं, वर्षानुवर्षं अधूनमधून येणारं. कुडाच्या घरात त्या जमिनीवर निजल्यात. दार सताड उघडं. अंगावर दुधासारखं चांदणं, आणि दूध उकळल्याचा खराच वास. मग चांदणं हळूहळू विझतं, कुणी वात खाली ओढावी तसं. अंधार होतो. आणि पुन्हा चांदणं पडतं, आणि त्यात एक मूल रडतं.

चेतनच्या वेळी त्यांना कळा देतादेता भोवळ आली होती. त्या भोवळीतलंच हे स्वप्न, असं त्या धरून चालल्या होत्या. चांदणं का कुठे विझतं?

पण त्या दिवशी त्या उठल्या, चपला घातल्या आणि गावठाणात मथुराबाईंकडे गेल्या. मथुराबाईंनी वस्तीतली निम्मी पोरं आपल्या हाताने जगात आणलेली. आता नव्वदीला टेकलेल्या, नजर अधू झालेली, पण जीभ शाबूत.

"मथुराआत्या, माझा चेतन कधी झाला, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? बुद्धपुनव हुती. विहारात खिरीचं आधण ठिवलं हुतं आन् इकडं तुला कळा सुरू झाल्या. खीर माझ्या वाटंची राहिली ती राहिलीच. तुझ्या पोरानं खाल्ली म्हन."

 म्हणजे दुधाचा वास खरा होता.

"आणि आत्या, चांदणं? मध्येच विझलं होतं का?"

"गिराण हुतं की गं! चांद पार तांब्यावानी झालता. शेजारच्या बाया म्हनल्या, दार लावा, पोटुशी बाई हाय. तुझा नवरा उंबऱ्यात हुबा. म्हनला, सावली हाय ती, दुसरं काय बी न्हाय. दार उघडंच ऱ्हाऊ द्या, वारा येऊ द्या तिला. येडा गडी! पर बरं केलं बघ त्यानं. चांद परत निघाला आन् तुझं पोरगं रडलं."

सुंदराबाई तिथेच ओट्यावर बसल्या. चाळीस वर्षं त्या ज्याला स्वप्न समजत होत्या ती त्यांच्या मुलाच्या जन्माची वेळ होती. आणि दार त्यांच्यासाठी कचरूने उघडं ठेवलं होतं. इतक्या वर्षांत तो हे एकदाही बोलला नव्हता. बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं, असं वाटून त्यांना राग आला आणि रडूही आलं.

संध्याकाळी रोहनचा फोन आला. तिकडे सकाळ होती.

"रोहन, बुद्धपौर्णिमेला चंद्राला ग्रहण होतं, ते वर्ष कोणतं? तुझ्या लहानपणीचं. शोध."

"आई, आता हे काय मध्येच?"

"शोध म्हणते ना."

पलीकडे बोटांचा आवाज आला. "एकोणीसशे पंच्याऐंशी. चार मेची रात्र. ग्रहण लागलं रात्री बाराच्या सुमाराला, आणि चंद्र परत दिसायला लागला तो दोनच्या पुढे."

"परत दिसला तेव्हा तुझा भाऊ झाला."

रोहनने बोटांवर तास मोजले. मग म्हणाला, "मग पाच मे. बारानंतर तारीख बदलते."

"पाच मे. लिही दुसऱ्या ओळीत. गुरुजींची चूक कशी झाली तेही लिही. मी सही करते, मथुराआत्या अंगठा देते."

"आई, अर्ज अडकेल. पूर्वा रोज विचारते गं."

"अडकू दे. मी येईन ती दोन पोरांची आई म्हणून येईन. एका पोराची आई म्हणून मला तिकडे कुणी बोलावलेलं नाही." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "एजंट म्हणाला ते ठीक. तू कसा तयार झालास?"

स्क्रीनवर रोहनचा चेहरा बाजूला झाला. नुसती खिडकी दिसत राहिली, तिच्याबाहेर खरा बर्फ.

"त्या ओळीत शेवटी एक रकाना आहे," तो म्हणाला. "व्यक्ती हयात नसेल तर तारीख लिहा. ती तारीख मला पाठ आहे, आई. वेळसुद्धा. तीन रात्री बसलो. टाइपच करवत नाही. जन्माची खोटी आणि मरणाची तेवढी खरी, असं कसं लिहू त्याच्याबद्दल?"

सुंदराबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला. एवढी वर्षं हा पोरगा तिकडे एकटा हे धरून बसला होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

"आता खोटी नाही ना राहिली," त्या म्हणाल्या. "आधी जन्माची लिही. सावकाश. मी आहे इथे."

कीबोर्डच्या कळांचा आवाज आला. पाच. मग मे. मग वर्ष. मग थोडा वेळ काहीच नाही. सुंदराबाई फोन तसाच धरून बसल्या. शेजारणीच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी त्या हलल्या नाहीत. पुढच्या रकान्यासाठी पुन्हा कळा वाजू लागल्या तेव्हा त्यांनी उठून दार उघडं टाकलं आणि परत फोनपाशी येऊन बसल्या.