रश्श्यावरचा आळ

माझ्या झिंग्याच्या रश्श्याला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. ठेवली ती माझ्या लेकीच्या सासूने, सत्यशीलाबाईंनी.

"बापूरावभाऊ, राग नोका मानू. पण नंदिनी तुमच्याकडून जेवून आली का दुसऱ्या दिवशी तिची छाती भरते. इतकं तिखट काऊन घालता जी?"

मी राग मानला. रश्श्याच्या बाबतीत मी तसाच आहे.

नंदिनी कोरपन्याला जिनिंगमध्ये कामाला. कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनपुढे आठ बाया दिवसभर उभ्या असतात. रविवारी सुट्टी. सकाळी विहारात वंदना झाली की ती एसटी पकडून माझ्याकडे यायची. तिची आई गेल्यापासून चूल माझ्याच हातात आहे. मी फोडणी घालायचो आणि ती उंबऱ्यावर बसून आठवडाभराच्या गप्पा मारायची. माझा सण म्हणजे तेवढाच.

सोमवारी मात्र दुपारपर्यंत तिची छाती आवळून यायची आणि खोकला लागायचा. बुधवारपर्यंत कमी व्हायचं, शनिवारी पोरगी ठणठणीत. मग रविवार, मी आणि माझा रस्सा. गुन्हेगार दुसरा कोण असणार?

मी मिरच्या कमी केल्या. मग लसूण बंद केला. शेवटी नुसतं वरण घातलं, काळजावर दगड ठेवून. तरी सोमवार तसाच. एक दिवस जावई, राजदीप, मान खाली घालून म्हणाला, "बाबा, थोडे दिवस तिले नोका बोलावू."

मी फोन करून तिला म्हटलं, "या रविवारी येऊ नोको बाई." त्या रविवारी मी चूल पेटवलीच नाही.

सोमवारी संध्याकाळी सत्यशीलाबाईंचा फोन आला. आवाज पडलेला होता. "काल घरीच होती जी. खिचडीच खाल्ली. तरी आज छाती भरली."

पोरीची काळजी वाढली. पण खोटं कशाला बोलू, रस्सा निर्दोष सुटला म्हणून पोटातून आनंदही झाला. लगेच स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आणि सत्यशीलाबाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. रिना नावाची तरुण डॉक्टर होती. काय खाल्लं, हे तिने विचारलंच नाही. काम कोणतं आणि त्रास कोणत्या वारी, एवढंच विचारलं. एका नळीत जोरात फुंकायला लावलं. मग म्हणाली, "जिनिंगमधल्या बाकीच्या बायांचं सोमवारी कसं असते?"

नंदिनी एकदम हसत सुटली. "मॅडम, सगळ्यायचंच तसं आहे! दुर्गाची सासू म्हणते, रविवारी डोक्यावरून पाणी घेते म्हणून. रुखमाचा नवरा म्हणते, बाजारात भजे खाते म्हणून. आमची इतवारी बहिणीसंग अंगणात झोपते, तर म्हणे गार वारा लागला."

सुट्टीच्या दिवशी जिला जे सुख मिळत होतं, घरच्यांनी नेमका त्याच्यावरच आळ घेतला होता. मी तर माझ्याच रश्श्यावर घेतला होता.

"ही कापसाची धूळ आहे," डॉक्टर म्हणाली. "सुट्टीत छाती मोकळी होते, म्हणून सोमवारी धूळ जास्त लागते. वर्षानुवर्षं असंच चाललं, तर पुढं रविवारीही मोकळी होत नाही. तुमची वेळ गेलेली नाही. धुळीतून निघाली का बरी होईल."

आठही जणी तपासून आल्या. मग डॉक्टरच्या आठ चिठ्ठ्या घेऊन मॅनेजरपुढे उभ्या राहिल्या, आणि बोलली कोण, तर माझी नंदिनी! धूळ ओढणारा पंखा दोन वर्षांपासून बंद पडला होता, तो चार दिवसांत फिरायला लागला. नंदिनी आणि रुखमाचा त्रास जास्त, त्यांना बाहेर कापसाच्या वजनकाट्यावर काम मिळालं.

दीड महिन्याने मी संध्याकाळी फोन केला. "छाती कशी आहे?"

"काऊन? आज कोणता वार आहे?" नंदिनी म्हणाली. "अगं बाई, सोमवार! मी तं विसरलीच होती."

फोन ठेवून मी अंगणात दोन चकरा मारल्या.

पुढच्या रविवारी आठही जणी माझ्या अंगणात हजर. दुर्गा ओले केस मोकळे सोडून आली, रुखमाने भज्यांचा पुडा आणला, इतवारी बहिणीलाच घेऊन आली. सत्यशीलाबाईही आल्या. मी मिरच्या, लसूण, सांबाराची हिरवी जुडी, सगळं हात सैल सोडून घातलं.

पहिला घोट घेताच सत्यशीलाबाईंना जोराचा ठसका लागला. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. माझा डाव तसाच हातात राहिला.

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वाटी पुढे केली.

"हा ठसका मात्र रश्श्याचाच आहे, बापूरावभाऊ. वाढा अजून."