वॉरनच्या उंचीची सीट

मी वॉरनची सायकल बोलतेय. टकरची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या उन्हाळ्यापासून माझा जो छळ चालला आहे तो टकरच्या हातून. टकर म्हणजे वॉरनचा धाकटा भाऊ. वॉरन गेला आणि मी या पोराच्या तावडीत सापडले. पोर मनाने वाईट नाही. पण हातात पाना आला की त्याची अक्कल गहाण पडते.

माझा जन्म १९८४ सालचा. फेअरफॅक्स गावाच्या वरच्या अंगाला लोरेन नावाच्या बाईची पत्र्याची शेड आहे, तिथला. डोंगरात चालवायची सायकल तेव्हा दुकानात सहजी मिळत नसे. ज्याला हवी त्याने करून घ्यायची. लोरेनने माझ्या पोलादी नळ्या कापल्या, जोडल्या, आणि बाकीचं सामान हाताला येईल ते लावलं. ब्रेकच्या मुठी मोटरसायकलच्या, हँडल भंगारातलं, दोन पॅडल दोन जातींची. रंग कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा. माझ्यात मूळचं, अस्सल, जुळणारं असं काही नव्हतंच. हे लक्षात ठेवा. टकरने ठेवलं नाही.

पहिला मालक दंतवैद्य. दोन हिवाळे मला हौसेने फिरवलं, मग त्याचा गुडघा दुखायला लागला आणि मी गॅरेजमध्ये गेले. माझ्या हँडलवर नाताळच्या दिव्यांच्या माळा टांगल्या गेल्या. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. माणसं वस्तू टाकत नाहीत आणि वापरतही नाहीत, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवतात. या ‘कधीतरी’त माझी उमेदीची वर्षं गंजली.

मग आला वॉरन. झाडं तोडण्याचं काम करायचा. दंतवैद्याच्या छपरावर झुकलेला ओक उतरवायला आला, गॅरेजचं दार उघडं दिसलं, आणि म्हणाला, “मजुरी राहू द्या. ती हिरवी द्या.”

वॉरन उंच, नुसता विजेचा खांब. त्याने सीटचा दांडा वर, वर, अगदी शेवटच्या खुणेपर्यंत ओढला. तो दांडा ॲल्युमिनियमचा. लोरेनने त्याला बजावलं होतं, “दांड्याला ग्रीस लाव आणि वर्षातून एकदा बाहेर काढ. पोलादात ॲल्युमिनियम चिकटलं की बापजन्मात सुटत नाही.”

“हो हो,” वॉरन म्हणाला.

त्याचं ‘हो हो’ म्हणजे ‘नाही’ हे मला आठवड्याभरात कळलं.

पण चालवायचा कसा! मोडेल ते बदलायचं आणि पुन्हा डोंगर गाठायचा. ब्रेकच्या मुठी बदलल्या, चाकं बदलली, हँडल तर कितीदा. टकर तेव्हा लहान होता. वॉरन त्याला माझ्या आडव्या दांडीवर बसवायचा आणि दोघं ओरडत उतार उतरायचे. टकर दोन्ही हातांनी हँडल धरायचा. त्याला वाटायचं, सायकल आपणच चालवतोय.

मागच्या मार्चात कापलेली रेडवुडच्या झाडाची फांदी उलटी फिरली आणि वॉरन कामावरून परतला नाही.

टकरने आधी मला लाथ मारली. मग मिठी मारली. मग पाना घेतला. शाळा त्याने अर्ध्यावर सोडलेली, घरात बाकी कुणी नाही, आणि वेळ भरपूर.

त्यात भर घातली गॉर्डनने. हा गावातला जुन्या सायकलींचा संग्राहक. त्याच्या बैठकीत भिंतीवर सायकली टांगलेल्या आहेत, एकीच्याही टायरला माती नाही. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी, घरोघरी जेवणासाठी टर्की पक्षी भट्टीत भाजत असताना गावातले लोक जुन्या सायकली घेऊन डोंगरावर जातात. तिथे रांग लावायचं काम गॉर्डनकडे. नियम त्याचाच: ज्या सालची सायकल, त्याच सालचे भाग असतील तर पुढच्या रांगेत. नाहीतर मागे.

टकरच्या डोक्यात बसलं, वॉरनची सायकल पुढच्या रांगेत उभी राहिली पाहिजे.

झालं! वॉरनने लावलेलं एकेक काढून खोक्यात टाकलं. त्याच्या अंगठ्याने झिजलेल्या ब्रेकच्या मुठी टाकल्या. डिंकाच्या डागांचं हँडल टाकलं. त्या जागी कुठून कुठून, अगदी ओसाकाहूनसुद्धा, चकचकीत सामान मागवलं. प्रत्येक पार्सल तो माझ्यासमोरच उघडायचा. “बघ, आता तू पहिल्यासारखी दिसशील,” असं मला सांगायचा. पहिल्यासारखी! ज्या वस्तूंचं मी जन्मात तोंड पाहिलं नव्हतं, त्या माझ्या अंगावर ‘मूळच्या’ म्हणून चढत होत्या. माझ्या जन्माच्या वेळी हा जन्मलाही नव्हता, आणि मी कशी होते हे मला शिकवत होता!

राहिला सीटचा दांडा. तो चुकीच्या सालचा निघाला. आणि तो हलेना.

तेल ओतून झालं. अमोनिया ओतून झाला, त्या वासाने शेजारचं मांजर आठवडाभर फिरकलं नाही. उकळतं पाणी, मग बर्फ. शेवटी पोराने मला उलटी केली, दांड्याचं डोकं वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि माझी फ्रेम धरून अशी पिरगळायला लागला, जसं कुणी ओलं धुणं पिळतं. माझ्या नळ्या करकरल्या. आता मोडणार मी, असं वाटलं.

“थांब, गाढवा!”

दारात लोरेन. केस पांढरे, आवाज तोच.

“तू मध्ये पडू नको, लोरेन. हा निघायलाच पाहिजे!”

“दांडा निघणार नाही, फ्रेम तुटेल. मग काय, तुकडे घेऊन जाणार डोंगरावर?”

“मग काय करू?”

“दांडा पोकळ आहे. आतून ब्लेडने चिरायचा, हळूहळू. अख्खी दुपार जाईल, पण निघेल. सरक.”

तिने मला सरळ केलं, पिशवीतून करवतीचं पातं काढलं, त्याच्या एका टोकाला चिंध्या गुंडाळून मूठ केली. मग चष्मा लावून ती दांड्याच्या मुळाशी वाकली. तिथे पांढरा, खरबरीत थर जमला होता. तिने नखाने तो खरवडला आणि हसली.

“काय?” टकर चिडला.

“घाम. मिठाने खाल्लंय हे.”

“कुणाचा घाम?”

“माझ्या आजीचा! अरे, कुणाचा असणार? पाठीवरून धार लागायची त्याच्या. ती सीटखाली उतरायची, दांड्यावरून आत जायची. वर्षानुवर्षं. ग्रीस लाव म्हणून घसा कोरडा केला मी.”

“मग तो काय म्हणायचा?”

“हो हो.”

टकर हसला. मार्चनंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं. “हो हो,” त्याने हुबेहूब वॉरनच्या आवाजात म्हटलं, आणि मग त्याचा चेहरा असा चुरगळला की लोरेनने पातं खाली ठेवलं आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “चिरू?”

“हात लावू नको.”

“सीट एवढ्या उंचीवर राहिली तर तुझे पाय पुरायचे नाहीत, पोरा. तू त्याच्या खांद्याएवढा.”

“हात लावू नको म्हटलं ना!”

त्याच संध्याकाळी त्याने खोकं उपडं केलं. वॉरनच्या मुठी, वॉरनचं हँडल, वॉरनची चाकं, सगळं परत माझ्या अंगावर. ओसाकाचं सामान खोक्यात गेलं. इतके महिने मी हेच सांगत होते, पण सायकलीचं ऐकतो कोण!

थँक्सगिव्हिंगला सकाळी धुकं दाट होतं. गॉर्डनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“ब्रेक एका सालचे, चाकं दुसऱ्या, आणि हा दांडा? हे काय कडबोळं आणलंयस, टकर?”

“वॉरन सालचं आहे, गॉर्डनसाहेब. सगळं एकाच सालचं.”

गॉर्डनने हँडलवरचे डिंकाचे डाग पाहिले. मग हळूच म्हणाला, “मागे उभा राहा, बाळा. नियम आहे.” आम्ही मागे उभे राहिलो.

चढ सुरू झाला. टकर सीटवर बसून पाहतो तर पायाची बोटंसुद्धा पॅडलला टेकेनात. उठला आणि उभ्याने मारायला लागला. पहिलं वळण उभ्याने. दुसरं उभ्याने. मांड्या लटलट कापताहेत, श्वास भात्यासारखा, आणि सीट मागून त्याला ढुशा देतेय. बाजूने जाणारे ओरडले, “बस की रे! सीट शोभेला लावलीय का?”

“ती रिझर्व्ह आहे!” टकर ओरडला.

अख्खा डोंगर तो उभ्याने चढला आणि उभ्याने उतरला. मी इतकी वैतागलेली, तरी एकदाही चेन पाडली नाही.

आता मी त्याच्या ओसरीला टेकून उभी आहे. ग्रीस कुणी लावलेलं नाही, ते या घराण्यात नाहीच. लोरेन जाताना ते पातं खिळ्याला अडकवून गेली आहे. टकर, माझं ऐकशील तर एक सांगते. दमलास की ते पातं घे आणि हा दांडा चीर. मला दुखणार नाही, आणि वॉरनही काही म्हणणार नाही. म्हणालाच तर ‘हो हो’ म्हणेल. उभ्याने माणूस किती वर्षं चालवणार?

पण हा ऐकेल तर शपथ. परवा उताराच्या पायथ्याशी पोचल्यावर सगळे टर्की खायला घरी पळाले, आणि हा तिथेच थांबला. पाय उचलत नव्हते. मला एका कुंपणाला टेकवलं, आणि सीटकडे न बघता माझ्या आडव्या दांडीवर येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. दोन्ही हातांनी हँडल धरलं. मग समोर बघत राहिला, मागून कुणीतरी पॅडल मारेल म्हणून.