बांधावरचं झाड

दाराची कडी एकदाच वाजली, आणि निजल्या दुपारी तो आवाज घरभर झाला. महादेवीनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दाराआड सरकली. अशी एकदाच कडी वाजवणारा माणूस एकच, तिचा थोरला दीर धोंडप्पा.

धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही घरची रीत. मध्ये एखादं पोर लागतं. पाच वर्षांची नागू उंबऱ्यावर चिंचोके मांडून बसली होती. तिलाच त्यानं मध्ये घेतलं.

"नागू, अव्वाला सांग, मोठे आप्पा काड्या मागायला आलेत. मोसंबीच्या, डोळे भरायला."

नागूनं मान वळवून तेच सांगितलं. हातभर अंतरावरच्या आईला आधी काही ऐकू आलेलं नाही असं धरून चालायचं, हे तिला आता पाठ झालं होतं.

धोंडप्पाची बाग मरत होती. लई रसाची म्हणून त्यानं परमुलुखातून कलमं आणली, आणि त्यांच्याबरोबर ही कीड आली. पानाखाली कापसासारखा पांढरा थर, फांदीवर मुंग्यांची रांग, आणि मग चुलीमागच्या भिंतीसारखी काजळी धरलेली झाडं. गावानं तिला चिकटा म्हणायला सुरुवात केली. फवारून झालं, फांद्या तोडून जाळून झाल्या. वाटणीत महादेवीच्या नवऱ्याला विहिरीजवळची थोडी झाडं आली होती, तिथंही चिकटा पोचला. फक्त त्यातल्या बांधावरच्या एका झाडाला तो लागला नाही. शेजारच्या फांद्या त्याच्या अंगावर रेललेल्या, मुंग्या त्याच्याच बुंध्यावरून जात-येत होत्या, तरी पानं धुतल्यासारखी. शेतीखात्याचा माणूस बघून गेला. असं का, ते त्यालाही सांगता आलं नाही. पण नवी बाग करायची तर जंबेरी लिंबाच्या रोपांची साल चिरून तिच्यात याच झाडाच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, भरा, एवढं तो बजावून गेला.

म्हणून धोंडप्पा दारात उभा होता. आणि महादेवी याच दिवसाची वाट बघत होती.

बसू तिचा पहिला. तो तापानं फणफणला तेव्हा नागू पाळण्यात होती आणि नवरा परगावी. डॉक्टर नळदुर्गात. धोंडप्पाच्या वाड्यापुढं गाडी जुंपलेली होती, पण ती मोसंबीनं भरून मुरूमच्या बाजाराला निघालेली, उलट्या अंगाला. त्या दिवशी तिनं रीत मोडली. तापलेलं पोर खांद्यावर टाकून ती दिराच्या पुढ्यात गेली.

"भावजी, माल उतरवा. पोराला न्यायचं हाय."

तो तिच्याकडं न बघता बोलला होता. उतरवला तर माल सडंल, व्यापारी खोळंबलाय, पोरांना ताप येतो तसा जातो, सांजच्याला गाडी आली की बघू. गाडी सांजच्याला आली. तोवर ती जुंपायचं कारण उरलं नव्हतं.

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. रीतच तशी असल्यानं गावाला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

"देते म्हणावं," ती नागूला म्हणाली. "बाजेवर बसा म्हणावं."

चाकू आणि ओलं फडकं घेऊन ती पोरीसंगं विहिरीकडं गेली. बांधावरच्या झाडाच्या खोडावरून तिनं हात फिरवला, आणि त्याच्या पलीकडच्या झाडाशी जाऊन उभी राहिली. त्या झाडाचा चिकटा ती कितीतरी दिवस तंबाखूच्या पाण्यानं पुसून काढत होती, पान न् पान, तान्ह्याचं तोंड पुसावं तसं. आता दोन्ही झाडांत फरक दिसत नव्हता.

तिनं काड्या कापल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळल्या. हे डोळे फुटतील. तो रोपांना पाणी घालील, उन्हाचं छप्पर करील, हातानं खड्डे घेईल. झाडं वाढतील, तकतकतील. आणि पहिला बहार धरायच्या सुमारास एखाद्या पानाखाली पांढरा ठिपका दिसेल. तेव्हाचं त्याचं तोंड तिला आत्ताच दिसत होतं, आणि ते बघता बघता तिच्या ओठांवर अंगाईसारखं काहीतरी आलं.

"अव्वा, ह्ये बांधावरचं न्हवं," नागू म्हणाली.

"गप. आप्पांनी इचारलं तर बांधावरचंच म्हणायचं."

धोंडप्पानं विचारलंच. नागूनं एकदा दाराकडं बघितलं.

"बांधावरचंच," ती म्हणाली.

त्यानं पोरीच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग ओलं गाठोडं अंगाऱ्यासारखं कपाळाला लावून तो निघून गेला.

डोळे फुटले. नागू रोज चुलत्याच्या वाफ्याकडं जायची आणि रोपं कुठवर आली ते गुडघ्याला, कमरेला हात लावून दाखवायची. महादेवी भाकरी थापत ऐकायची आणि हसून तिच्या हातावर गूळ ठेवायची.

पुढल्या साली लागणीच्या दिवसांत कडी पुन्हा एकदाच वाजली.

धोंडप्पानं एक रोप कडेवर आणलं होतं, मुळाशी मातीचा गोळा गोणपाटात बांधलेला. ते त्यानं उंबऱ्याशी ठेवलं आणि तिथंच उकिडवा बसला. तो इतका हळू बोलत होता, की महादेवीला दाराला कान लावावा लागला.

"अव्वाला सांग, तिच्या काड्यांतलं पयलं रोप बसूच्या नावानं लावतोय. त्याला पुरलंय तिथं, त्याच्या उशाशी."

दाराआड बांगडी हलली.

"काड्या कुठल्या झाडाच्या, ते म्या इचारत न्हाय," तो म्हणाला. "बाकीच्या रोपांचं व्हायचं ते हूं दे. माझंच हाय ते, माझ्या पदरात पडू दे. ह्ये एवढं जगाय पायजे. अव्वाला इचार, ह्ये जगंल न्हवं?"

दाराच्या फटीतून महादेवीला रोपाचं एक पान दिसत होतं. कोवळं, तकतकीत.

या खेपेला नागूनं उंबऱ्यावरून मान वळवून सांगितलं नाही. चिंचोके तिथंच टाकून ती उठली, आत आली, आईच्या पदराखाली शिरली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

"अव्वा, बसूचं झाड जगंल का? म्या काय सांगू?"