काच पुसणाऱ्या मोटरची कबुली

सकाळी सहा चाळीसला काका व्हॅनचे दार उघडतात. सीटखालचे फडके काढून दोन्ही आरसे पुसतात, वाकून चाकांकडे पाहतात, मागच्या बाकांवरचा बिस्किटांचा चुरा झाडतात. मग समोरच्या काचेवर तांब्याभर पाणी ओततात आणि एक बटण दाबतात. दोन्ही वायपर एकदा डावीकडे जातात, उजवीकडे येतात आणि आडवे होतात. आभाळ कोरडे असो वा भरलेले, ही तपासणी चुकत नाही. "झोप झाली का बाई?" असे काका विचारतात. शाळेच्या अकरा मुलांना आणायला व्हॅन निघते.

मित्रांनो, काका ज्या बाईची झोप विचारतात ती मी. त्या दोन वायपरना हलवणारी मी एक जुनी मोटर आहे. काचेखाली, पत्र्याच्या आड बसते, म्हणून तुम्ही मला पाहिले नसेल. कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, दातेरी चक्र बसवले आणि तेव्हाच एक गुण मला मिळाला. वीज बंद झाली की माझा दांडा जिथल्या तिथे थांबतो. बाहेरून कितीही जोर लावा, तो मागे फिरत नाही. पुढे याच गुणाने मला भुलवले.

पुष्कळ वर्षे मी मुकाट्याने काच पुसली. काच स्वच्छ असली की माणसे रस्ता पाहतात, काचेकडे कोणी पाहत नाही. माझे कौतुक कधी झाले नाही आणि त्याचे मला थोडे वाईट वाटे, हेही कबूल करते.

काकांची मुलगी नववीत होती. शाळेने यंत्रमानवांच्या स्पर्धेत भाग घ्यायचे ठरवले, तेव्हा तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने नाव दिले. त्या मैत्रिणीला सगळे चष्मिस म्हणत. यंत्राने खोकी उचलून उंच फळीवर ठेवायची, अशी अट होती. प्रवेश शुल्क काकांनी भरले. चाके आणि बॅटरी आणण्यात चष्मिसची साठवण संपली. उरलेल्या पैशांत आलेली मोटर इतकी नाजूक होती, की खोके उचलताच यंत्राचा हात मान टाकी. इतर शाळा परदेशी सुट्या भागांच्या पेट्या घेऊन येणार होत्या. सर यंत्राकडे पाहून म्हणाले, "दमदार मोटर हवी. मिळते बाजारात, पण..." तेवढे पैसे आता कोणाकडेच नव्हते.

मुलीने घरी काही मागितले नाही. जेवताना घडलेले तेवढे सांगितले. काकांनी घास हातातच ठेवला.

"तशी मोटर आपल्या गाडीत आहे की. पावसाला अजून तीन महिने आहेत."

"म्हणजे गाडीचे डोळे काढून खेळण्याला लावणार?" आई म्हणाली.

"खेळणं म्हणू नकोस गं. पंधरा दिवसांत परत बसवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे तीन बोल्ट सोडवले. वायपर काचेवर पूर्वीसारखेच आडवे पडून राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळले नसते.

स्पर्धेत मी नऊ खोकी उचलली. दहाव्या वेळी बॅटरी दमली, पण यंत्राचा हात हवेत होता तिथेच थांबला, खाली आला नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एका परीक्षकाने मला बोट लावून विचारले, "ही कुठून आणली?" मुलगी म्हणाली, "घरचीच आहे." सगळे हसले, मलाही फार बरे वाटले. अंतिम फेरीसाठी आमची निवड झाली आणि माझ्या बोल्टांवर क्रमांक घातलेला कागद चिकटवण्यात आला. निवडलेले यंत्र दोन महिन्यांनी तसेच्या तसे यायला हवे, असा नियम होता.

सर म्हणाले, "हा स्टिकर फाटला, तर आपण बाहेर. हात लावायचा नाही."

मुलीने वळून प्रेक्षकांत बसलेल्या काकांकडे पाहिले. काका दोन्ही हात डोक्याच्या वर उंचावून टाळ्या वाजवत होते. घरी येताना तेच म्हणाले, "राहू दे. आभाळ कोरडं आहे."

प्रयोगशाळेत जागा नसल्याने आम्हांला घरीच, पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवले. तिथून व्हॅन दिसे. काका आरसे पुसत, चुरा झाडत, पण बटणाकडे त्यांचा हात जात नसे. मी मात्र त्या नऊ खोक्यांच्या आठवणीत मश्गूल होते. मित्रांनो, एकदाही मला काचेची आठवण झाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात अवेळी भुरभुर सुरू झाली आणि थांबेना. इतक्या जुन्या गाडीची मोटर आता कुणी बनवत नव्हते. भंगारवाला "आली की सांगतो" म्हणाला होता, पण ती आली नाही. त्याच दिवसांत आई कुरकुरू लागली, "रोज एक बटाटा कमी होतोय. या घरात उंदरांनासुद्धा भाजी लागते की काय?" काका निमूट चहा पीत राहिले.

उंदीर कोण, ते व्हॅनमधल्या सर्वांत लहान मुलीने सांगितले. एका संध्याकाळी ती विसरलेली पाण्याची बाटली न्यायला आली.

"ताई, तुला माहितीये? काका काचेला अर्धा बटाटा चोळतात. मग पाणी साचत नाही. थोडं साचतं. मग आम्ही खेळ खेळतो."

"कसला खेळ?"

"लाल दिवा कोणाला आधी दिसतो, त्याचा. काकांना नीट दिसत नाही ना. काल मी सगळ्यांत आधी ओरडले, म्हणून ती रस्ता ओलांडणारी आजी वाचली. काका नंतर गाडी थांबवून कितीतरी वेळ नुसते बसले. आम्हांला शाळेत उशीर झाला."

ती बाटली घेऊन उड्या मारत गेली. मुलगी दारातच उभी राहिली. ज्या टाळ्या मी माझ्या समजत होते, त्यांच्यासाठी ती चिमुरडी काचेला डोळे लावून बसत होती. माझ्या पोटातले तांबे तापते, ते काम करताना. त्या दिवशी ते नुसत्या शरमेने तापले.

मुलीने चष्मिसला फोन लावला.

"मी स्टिकर काढतेय."

पलीकडून चष्मिस म्हणाली, "सरांना कोण सांगणार?"

"मी सांगते. आत्ताच."

"बरं. सकाळी येते मी. तो दांडा एकटीला धरता येत नाही."

मित्रांनो, मी उपदेश करण्याच्या योग्यतेची नाही. एवढीच विनंती करते. तुम्ही स्पर्धेत जरूर उतरा, यंत्रे बनवा, जिंकाही. पण एखादी वस्तू हाती घेताना ती कुठून उचलली, तिथली जागा रिकामी असताना कोणाचे काय अडले, हे एकदा जाऊन पाहा. देणारा हसत देतो, म्हणून त्याचे काही गेलेच नाही असे समजू नका.

पहाटे दोघींनी मिळून तो कागद सोलून काढला. तो सरळ निघाला नाही, मधोमध फाटला. चष्मिसने त्याचे दोन्ही तुकडे वहीत ठेवले. मग मला पुन्हा व्हॅनच्या काचेखाली बसवून तिन्ही बोल्ट आवळले.

सहा चाळीसला काका आले. एका हातात फडके होते, दुसऱ्यात अर्धा बटाटा. मुलगी म्हणाली, "बाबा, बटण दाबा."

वायपर डावीकडे गेले, उजवीकडे आले आणि आडवे झाले. काका काचेकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे.

"मीच द्यायला नको होती," ते म्हणाले.

"मीही घ्यायला नको होती."

त्यांनी बटाटा खिशात टाकला आणि गाडी सुरू केली. माझी झोप त्यांनी त्या दिवशी विचारली नाही.

चौकात भुरभुर होतीच. सवयीने मागच्या बाकांवरून अकरा आवाज एकदम उठले, "काका, लाल दिवा!"

काकांनी गाडी आधीच थांबवली होती. "दिसला, बाळांनो," ते म्हणाले. "मला दिसला."