सुटलेले मासे

अन्सार परकारने भांडणं सोडलं, आणि त्या दुःखाने खदिजा रडते, असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं. नवरा भांडत नाही म्हणून कुठली बायको रडते? पण खदिजा रडत होती. बहरीनमधल्या झिंज भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराचं दार लावून, आणि तेही कांदा न चिरता.

सात महिन्यांपूर्वी अन्सारचं बायपास झालं. त्याआधीच्या अन्सारच्या तोंडाचा पट्टा सगळ्या बहरीनला माहीत होता. एका कंपनीच्या गोदामात तो स्टोअरकीपर. खोक्यात एक नट कमी निघाला तर त्याचा आवाज बाहेर उभ्या ट्रकवाल्यांना ऐकू जायचा. बाजारात शिळ्या माशाचे कल्ले उघडून तो मासेवाल्याच्याच नाकाखाली धरायचा. घरात कालवणाला मीठ कणभर कमी पडलं की त्याचं एक ठरलेलं भाषण होई, आणि खदिजाकडे त्याला तितकंच ठरलेलं उत्तर असे. तीस वर्षं दोघांचं असं मस्त चाललं होतं. ऑपरेशननंतर डॉक्टरने मीठ तोडलं. खदिजाने भीत भीत बिनमिठाची डाळ पुढ्यात ठेवली, तर अन्सार दोन घास खाऊन म्हणाला, "छान हाय." खदिजाचे हातपायच गार पडले.

"छाती एकदम ठीक आहे," डॉक्टरचं म्हणणं. "चाला, हिंडा, कशात तरी मन रमवा. जड तेवढं उचलू नका." अन्सारने मान डोलावली आणि खुर्चीत जाऊन बसला. तो उठला की खदिजा उठायची. त्याच्या हातातली पिशवी, मग ती कोथिंबिरीची का असेना, ती काढून घ्यायची. तो जरा जोरात खोकला तरी ही ओढणी सावरत धावलीच. आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "बरं. तू म्हनशील तसा."

मासेमारीची काठी तिनेच आणली. किनाऱ्याजवळच्या जनाबिया भागात एक इंग्रज कुटुंब गाशा गुंडाळून परत चाललं होतं. त्यांनी व्हिलाच्या अंगणात सगळं सामान विकायला मांडलं होतं. शेजारच्या अश्विनीबरोबर खदिजा तिथे ओव्हन बघायला गेली आणि परत आली ती चार तुकड्यांची, बोटाएवढी बारीक काठी, एक रीळ आणि पिसांच्या माश्यांनी भरलेली डबी घेऊन. माश्या खोट्या; प्रत्येकीच्या पोटात एक गरी, मासा अडकवायचा गळ, दडवलेली.

"भाभी, अहो ओव्हन राहिला ना!" अश्विनी म्हणाली.

"ओव्हन काय, कधीबी मिळतो," खदिजा म्हणाली.

खरं तर मासे गरवणं तिच्या रक्तातलं. तिचे बाबा जयगडच्या खाडीत होडी घालून गरवायचे. हातात नुसती तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, काठीबिठी काही नाही. मासा लागला की तिचा एक वेढा तळव्याला मारायचा आणि हातावर हात टाकत ओढायचा. सात वर्षांची असल्यापासून खदिजा त्यांच्यासमोर होडीत बसलेली. अन्सार मात्र चिपळूणच्या बाजारपेठेतला. माशाशी त्याची ओळख ताटातली.

पण काठी बघून तो खुर्चीतून उठला, हे तिने पाहिलं. मग यूट्यूबवर त्याचे तासन्‌तास जाऊ लागले. गोरे लोक कमरेएवढ्या गार ओढ्यात उभे राहून ट्राउट नावाचा मासा धरतात, दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवतात आणि पिसाची माशी पाण्यावर अल्लाद सोडतात. बहरीनमध्ये ओढा कुठला? पण जनाबियाच्या किनाऱ्याला, भराव घालून केलेल्या दोन पट्ट्यांच्या मधून, समुद्राचं पाणी एका चिंचोळ्या वाटेने आत येतं. ओहोटीला ते बाहेर पडायला लागलं की चांगलाच ओढा होतो, आणि बारक्या माशांच्या मागे मोठे मासे त्या तोंडाशी येऊन थांबतात.

दर शुक्रवारी सकाळी दोघं तिथे जायला लागली. अन्सार गुडघाभर पाण्यात. खदिजा काठावर घडीच्या खुर्चीत, शेजारी थर्मास आणि मांडीवर गोळ्यांची डबी.

तिसऱ्या शुक्रवारी पहिला मोठा मासा लागला. दोरी ताठ झाली, काठी कमानीसारखी वाकली, आणि रीळ असं किंचाळलं की खदिजा खुर्चीतून उभी राहिली. मासा सरळ खोल पाण्याकडे सुटला. अन्सारने काठी वर धरली, पळू दिलं, थांबला तसं गुंडाळलं. सगळं व्हिडिओत दाखवतात तसं. मग त्याने एकदा वळून खदिजाकडे पाहिलं. पुन्हा पाण्याकडे तोंड केलं, आणि थोड्याच वेळात काठी सरळ झाली.

"सुटला," तो म्हणाला. "जाऊ दे. नशिबात नव्हता."

पुढच्या महिन्याभरात आणखी तीन मोठे मासे असेच गेले. दर वेळी तेच. मासा लागायचा, झुंजायचा, अन्सार एकदा वळून बघायचा, आणि काठी सरळ. चौथ्या वेळी खदिजाने डोळे बारीक करून नीट पाहिलं. अन्सार काठीचं टोक खाली झुकवत होता. दोरीला ढील देत होता. खाडीत वाढलेल्या बाईला हे कळणार नाही? मासे सुटत नव्हते, सोडले जात होते. याच्या काळजातच भीती शिरलीय, तिला वाटलं. झुंजायच्या आधीच हात टेकतोय. त्या दिवशी घरी येऊन ती पुन्हा दार लावून रडली.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी वारा पडला होता आणि पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. अन्सारने खदिजाच्या जुन्या ओढणीची जर काढून स्वतः बांधलेली माशी फेकली. दुसऱ्याच फेकीला पाण्यातून एक लांबट, चपटा मासा वर उसळला. पाठीवर हिरवट झाक, अंग चांदीचं. आपल्याकडच्या डागोळ माशाच्या जातीचा, पण एवढी मोठी डागोळ खदिजाने जन्मात पाहिली नव्हती.

"लागला!" अन्सार ओरडला.

रीळ थांबायलाच तयार नव्हतं. दोरी संपून तिच्या मागे जोडलेली पातळ राखीव दोरीही अर्धी गेली. अन्सार वाळूत पाय रोवत काठाकाठाने माशामागे चालू लागला. मासा डावीकडे वळला, दगडांकडे; अन्सारने काठी उजवीकडे आडवी घातली आणि त्याला परत फिरवला. मासा दोनदा सगळाच्या सगळा पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं, धप्पकन पडला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. या वेळी अन्सारने मागे वळून पाहिलं नाही.

खदिजाला त्याची मान दिसत होती. शीर टरारून फुगली होती. शर्ट पाठीला चिकटला होता, श्वास इथपर्यंत ऐकू येत होता.

"ओ! बस झाला! सोडा तेला!"

"गप!" अन्सार न वळता म्हणाला.

सात महिन्यांनी आलेला हा पहिला 'गप'. एरवी तिने त्यावर साखर वाटली असती. पण तिला फक्त ती शीर दिसत होती. चपला, सलवार, काही न बघता ती पाण्यात उतरली. मासा आता दमला होता, कुशीवर होत होता. पाच हातांवर आला. त्याचा डोळा दिसला, गोल, काळा. अन्सारने काठी मागे घेतली, आता फक्त हात घालायचा राहिला होता, आणि खदिजाने पुढे वाकून दोरीच्या पुढच्या टोकाला बांधलेली केसासारखी तंगूस पकडली आणि तळव्याला एक वेढा मारला.

तडक्. मासा क्षणभर जागीच तरंगला. मग शेपटीचा एक झटका, आणि पाणी रिकामं.

अन्सार काठीकडे बघत राहिला. मग खदिजाकडे.

"काय केलास? काय केलास हा तू?"

"धरली."

"धरली? ही काय तुज्या बाबाची होडी हाय, तळव्याला वेढा मारतेस? सात पौंडाला तुटनारी तंगूस हाय ती! सात पौंडाला! पोर पन सांगेल तुना, तुटनार म्हनून!"

खदिजाला ते कुणी सांगायची गरजच नव्हती.

अन्सारचा आवाज एकदम उतरला. "मुद्दाम तोडलीस?"

नाही म्हणणं सोपं होतं. हात सवयीने गेला, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण अन्सारशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"हां. मुद्दाम तोडली. मासा काय, बाजारात मिळतो. तुमी मना कुठल्या बाजारात मिळनार?"

"आनि आदीचे चार? ते कुनी सोडले?"

"तुमीच सोडलात. मना दिसत नाय काय? तुमाला भीती वाटते म्हनून..."

"मना?" अन्सारने काठी वाळूत खुपसली. "मना भीती? वळून बगितला की तू तिथं छातीवर हात धरून उभी. तोंड पांढरंफटक. दर वेळी! मासा इकडं वडतोय आनि तिकडं तू मरायला टेकलेली. कसा धरू मी मासा? तुज्या तोंडाकडं बगून सोडले चारही. पिशवी दिली, खुर्चीत बसलो, बरं बरं म्हटला, तेबी तेच्याचसाठी. ती डाळ पन तुज्याचसाठी छान म्हटली. घान होती ती डाळ, खदिजा! सात महिने घान डाळ खातंय!"

खदिजा घोटाभर पाण्यात तशीच उभी राहिली. सात महिने ती समजत होती की नवऱ्याच्या काळजात भीती बसलीय, आणि ती भीती तिच्या स्वतःच्या तोंडावर बसली होती. आजारी माणूस रोज उठून हिची काळजी घेत होता. तिला लाज वाटली, मग राग आला, आणि मग त्या भिजलेल्या, लालबुंद झालेल्या, ओरडणाऱ्या माणसाची इतकी माया आली की कुठे बघावं तिला कळेना.

"मग सांगायचा होता!" ती ओरडली.

"सांगून काय? रडली असतीस!"

"आनि आता काय करतंय मी?"

अन्सार दगडावर बसला, डबी उघडली आणि दोरीला नवी माशी बांधू लागला. गाठ त्याने दातांनी कचकन आवळली, आणि हा राग आहे, हे तिला आता ओळखता येत होतं.

खदिजा काठावर आली. सलवार पिळली. मग तिने घडीची खुर्ची उचलली आणि पाण्याकडे पाठ होईल अशी, व्हिलांच्या भिंतींकडे तोंड करून, पुन्हा मांडली. गोळ्यांची डबी पिशवीत टाकली आणि बसली.

"हे काय?" मागून अन्सारने विचारलं.

"मना ऊन लागतंय डोळ्यावर. तुमी गरवा."

बराच वेळ नुसता दोरीचा सूं सूं आवाज येत राहिला. मग रीळ किंचाळलं. खदिजाचा हात छातीकडे निघाला; तिने तो मांडीखाली दाबून धरला. मागे पाणी उडत होतं, अन्सारचे पाय वाळूत घसरत होते, त्याचा श्वास चढत होता.

"बगू नको हां!"

"नाय बगत!"

ती समोरच्या व्हिलांच्या खिडक्या मोजू लागली. एकवीसपर्यंत गेली, चुकली, पुन्हा सुरुवात केली. तोंडाने कलमा चालू होता. मग सगळं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत चिपळूणच्या भर बाजारात शोभेल अशी एक सणसणीत शिवी घुमली.

"गेला! गेला हरामखोर! पायाशी येऊन गेला!" मग अन्सारने माशाला धारेवर धरलं, मग काठीला, मग ती विकणाऱ्या इंग्रजाला, मग ओहोटीला. कुणालाच सोडलं नाही.

"केवढा होता?" खदिजाने पाठमोरंच विचारलं.

"तुज्याएवढा!"

"खोटा!"

"खोटा? मी खोटा? वळ इकडं, हातानं दाखवतंय केवढा होता तो!"

पण खदिजा वळली नाही. तिचे डोळे वाहत होते, आणि ते तोंड बघून त्याने आणखी एखादा मासा सोडून दिला असता.